बिनशेपटाच्या काचा

काच १७

सोमवार, सकाळी पावणेदहा. धुण्याच्या बेसिनमध्ये काचेचा चुरा पडला होता आणि चुऱ्यात खलाचा बत्ता.

"चोवीस होत्या," दारातली मुलगी म्हणाली. "मोजायचं असलं तर मोजा. मोजायलाच आलाय की तुम्ही."

तिच्यामागे पांढऱ्या कोटातला उंच माणूस उभा होता. "हीच ती. अरिबा नदाफ. काल दुपारी तीन वाजता हिच्याच कार्डाने दार उघडलंय."

"एकला घरी गेले होते मी, सर."

"कार्ड खोटं बोलत नाही."

"मग पोलिसांना बोलवा."

"पोलीस कशाला? सही कर आणि जा."

माझं नाव धनलक्ष्मी म्याकल. चिंचोळी एमआयडीसीतल्या या नवरेणू लॅबला काम देणाऱ्या पुण्याच्या औषध कंपनीची मी तपासनीस. मी जिथे जाते तिथे मला कोणी चहा विचारत नाही. मी सोलापूरचीच, साखर पेठेतल्या विणकराची मुलगी, हे कळल्यावर इथे पाणीही विचारलं नाही.

आले होते फक्त निकालाचे कागद न्यायला.

काच ५

(टेबलावर ठेवलेला टाइप केलेला कागद)

*मी, अरिबा मेहबूब नदाफ, तपासणी सहायक, संशोधनाचे नमुने हेतुपुरस्सर नष्ट केल्याचे मान्य करून स्वखुशीने राजीनामा देत आहे. यापुढे कोणत्याही प्रयोगशाळेने माझ्याविषयी चौकशी केल्यास वरील कारण कळवण्यास माझी हरकत नाही.*

*सही: ..................*

*(आज सायंकाळी ५ पूर्वी)*

नोकरी जाणं वेगळं. 'वरील कारण' हे दोन शब्द वेगळे. ते जन्मभर तिच्याआधी प्रत्येक दारात पोचणार होते.

काच ११

काचांवर काय होतं, ते आधी सांगते.

औषधाचं नाव एनआर-३१. अजून औषध नाही, नुसता नवा रेणू. पेशीतला डीएनए म्हणजे दोन पदरांचा पीळ. कर्करोगाच्या पेशीला वाढायचं तर हा पीळ उलगडावा लागतो. एनआर-३१ ला दोन हात आहेत. एक हात एका पदराला धरतो, दुसरा दुसऱ्याला. गाठ बसते, पीळ उलगडत नाही, पेशी मरते. निदान कागदावर तरी.

तपासणी अशी: पेशी जेलीच्या पातळ थरात काचेवर बसवायच्या आणि वीज सोडायची. डीएनएचे तुकडे झाले असतील तर ते विजेबरोबर बाहेर वाहतात. मायक्रोस्कोपखाली ती पेशी धूमकेतूसारखी दिसते, गोल डोकं आणि मागे शेपूट. तुकडे वाहिले नाहीत तर नुसतं गोल.

कोणती काच कशाची, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. म्हणून काचांना आकडे वाटेल तसे देतात. यादी दुसऱ्याने करायची, पाकिटात बंद करायची.

काच २

"आराखडा माझा आहे, मिस म्याकल," डॉ. सिद्धाराम बिराजदार म्हणाले. पांढऱ्या कोटातला तो उंच माणूस, लॅबचे प्रमुख. "तीन वर्षं घातलीत मी या रेणूत. आणि शुक्रवारी ही पोरगी येऊन म्हणते, शोधनिबंधात माझंही नाव घाला. नाही म्हटलं. रविवारी काचा फुटल्या. अजून काय हवं?"

"फोटो तरी वाचलेत."

"फोटो मी वेळेत माझ्याकडे घेतले म्हणून." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "बघा. काय शेपूट आहे! डीएनएची पार लक्तरं. याला म्हणतात औषध."

काल संध्याकाळी पुण्याला पोचलेला अहवालच होता तो. सहा फोटो काहीच न दिलेल्या पेशींचे, सगळे गोल. सहा पेरॉक्साइड दिलेल्या पेशींचे, सगळ्यांना शेपूट. पेरॉक्साइड डीएनए तोडतंच, म्हणून तुलनेला ठेवतात. सहा एनआर-३१ चे. त्यांनाही शेपूट, तितकंच लांब.

"काचा चोवीस. फोटो अठरा?"

"सहा फालतू होत्या. आमच्या रसायनवाल्या शिवानीने हौसेने चौथा गट घातला होता. मी गाळला."

"कशासाठी घातला होता?"

"तिलाच विचारा. काचा धुवायची आवड असेल."

"आणि आकड्यांची यादी?"

"शिवानीनेच काल दुपारी दिली मला, तिच्याकडच्या प्रतीवरून. पाकीट अजून बंदच आहे." त्यांनी खिशातून चावी काढली, कपाट उघडलं, पाकीट टेबलावर टाकलं. "तुमच्यासमोर फोडायचं म्हणून ठेवलंय. या कपाटाची चावी माझ्याशिवाय कुणाकडे नसते. इथे कुणावर विश्वास टाकायची सोय नाही."

मी पाकीट उचललं.

"तुमचे वडील यंत्रमागावर होते ना?" ते म्हणाले. "हे तुम्हाला जरा जड जाईल."

"होते. टॉवेलच्या."

काच २०

फाटकापाशी महिपती. पंचवीस वर्षं पहारेकरी. माझ्याकडे बघणं टाळण्यात पटाईत.

"काल कोण कोण आलं होतं?"

"अरिबाताई अकराला आली, एकला गेली. मग युवराज सर, मग शिवानीताई, मग सायेब. तिघंबी पाचपर्यंत हितंच व्हती."

"अरिबा तीनला परत आली?"

"म्या तर न्हाय बगितली."

"मग तिच्या कार्डाने दार कसं उघडलं?"

त्याने अंगठ्याने मागे दाखवलं. भिंतीला एक खिळा, खिळ्याला पाच कार्डं. "समद्यांची हितंच असत्यात की. कार्ड घरी इसरलं तर उनात बसावं लागतंय, म्हणून दार उघडून झालं की हितंच अडकवत्यात."

"म्हणजे कुणीही कुणाचंही घेऊ शकतं."

"व्हय."

"डॉक्टरांना हे माहीत नाही?"

"त्येंनीच ठोकलाय की खिळा." मग घाईने म्हणाला, "माजं नाव घिऊ नका, बाई. दोन वर्सं राहिल्यात माजी."

काच ९

अरिबा बसायला तयार नव्हती.

"तुम्ही आधी त्यांच्याकडून ऐकलं. आता माझ्याकडून ऐकून काय करणार?"

"जुळवणार."

"जुळवा." तिने बोटं पुढे केली. "शेपूट फक्त सहा काचांवर होतं. सहा. बाकी अठरा गोल. फोटो काढले, मोजणीचा कागद डब्यात ठेवला, डब्यावर टॉवेल टाकला, घरी गेले."

"टॉवेल कशाला?"

"उजेड लागला की काचेवरचा रंग उडतोय. काळं कापड मागून मागून दमले, मग घरचा टर्किश टॉवेल आणला. त्याच्यावर पण ओरडतात सर."

"त्या सहा काचा कशाच्या होत्या?"

"मला कसं कळणार? आकडेच असतात की. आधी कळलं तर मोजणी खोटी होते."

"कागद कुठे आहे?"

"काचांबरोबर गेला."

"अहवालात बारा फोटोंना शेपूट आहे, अरिबा."

तिने पुढे केलेली बोटं मिटली. मग हळू म्हणाली, "चोवीस काचांवर बाराशे पेशी मोजल्या मी. डोळे फुटायची वेळ आली. आणि मला सहा आणि बारा कळत नाहीत?"

ओरडली असती तर बरं झालं असतं.

काच १४

युवराज घोडके, प्रकल्प व्यवस्थापक, घड्याळ बघत होता.

"मॅडम, लवकर उरका ना. आज तुमच्या कंपनीने या रेणूला होकार द्यायचाय. एका पोरीपायी सगळं अडकलंय."

"अहवाल तुम्ही बनवला?"

"चिकटवला म्हणा. चार वाजून दहा मिनिटांनी सरांनी फोल्डर पाठवलं, गटांची नावं घालूनच. मी पानांवर लावलं. मला विचाराल तर सगळ्या पेशी पिठल्यातल्या गुठळ्यांसारख्या दिसतात."

"डब्यातल्या काचा पाहिल्या?"

"हात लावायची परवानगी नाही मला. एकदा एक फोडली होती, तेव्हापासून."

"फोडली होती?"

"चहाच्या कपाखाली ठेवली होती हो! तुम्ही पण ना."

काच ८

एकच प्रश्न पाचही जणांना विचारला. *एनआर-३१ दिलेल्या काचेवर काय दिसायला हवं?*

युवराज: "शेपूट. सर सांगतात तसं."

डॉ. बिराजदार: "शेपूट. जितकं लांब तितकं जोरकस."

अरिबा: "जे असेल ते."

महिपती: "मला का इचारताय?"

शिवानी: "गोल."

काच २३

शिवानी कोरे, रसायनाची. रेणू हिच्या हातांनी बनला होता. काळे पडलेले हात होते ते.

"तुम्हाला वाटतंय मी फोडल्या," ती म्हणाली. "वाटणारच. यादी मी केलेली, बिराजदारांवर राग माझा."

"राग कसला?"

"आराखडा माझा होता. अठरा पानांची टिपणी दिली होती मी. त्यांनी पहिल्या पानावर आपलं नाव घातलं. पुढची पानं उलटली नाहीत."

"सिद्ध करू शकता?"

"नाही. म्हणून तर इथेच आहे अजून."

"काल त्यांना यादी तुम्ही दिली?"

"मी?" ती हसली, वाईट हसली. "प्रत ठेवायची नसते. पाकिटात असते तेवढीच. हां, मन लावलं तर बऱ्याचशा मला आठवतील. मीच लावलेले आकडे आहेत. पण त्यांनी विचारलंच नाही. आल्यापासून केबिनमध्ये होते, दार लावून."

"पाकीट कसं बंद करता?"

"डिंक लावून. कडेवर सही. अर्धी झाकणावर, अर्धी खाली."

"चौथा गट कशासाठी होता?"

"त्याच्याशिवाय या तपासणीला काही अर्थच नाही," ती म्हणाली आणि मग माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला कळलंय, की मी सांगू?"

"सांगू नका. त्यांच्यासमोर सांगा."

काच १

दुपारी दोन. रिकाम्या खोलीत फोटो एकटीने बघत बसले. दोन जणांपैकी एक खोटं बोलत होतं, सहा म्हणणारी किंवा बारा दाखवणारा.

पेरॉक्साइडच्या तिसऱ्या फोटोत, वर डाव्या कोपऱ्यात, एक निळसर चकाकणारा तंतू होता. पेशीचा नव्हे. टॉवेलच्या सुताला पांढरं दिसावं म्हणून जे लावतात, ते मायक्रोस्कोपच्या अतिनील उजेडात चमकतं. अरिबाच्या टॉवेलचा कोंडा. लहानपणी असला कोंडा माझ्या केसांत, भातात, पाटी-पुस्तकात असायचा. मी तो कुठेही ओळखीन.

एनआर-३१ च्या पाचव्या फोटोत, खाली उजव्या कोपऱ्यात, एक निळसर चकाकणारा तंतू होता.

तसाच वळसा. टोकाला तशीच फूट.

स्क्रीन हलवता येईना, म्हणून मीच मान उलटी केली.

तोच फोटो होता.

काच ६

सहाही तेच होते. पेरॉक्साइडचे सहा फोटो उलटे करून एनआर-३१ म्हणून लावलेले.

शेपटं खरोखर सहाच होती.

आता पाकीट खिडकीपाशी नेलं. वडील घडी घातलेल्या टॉवेलचे दोन काठ एकावर एक ठेवून बघायचे. नक्षी एका सुताने जरी सरकली तरी म्हणायचे, सेकंड माल, बाजूला काढ.

शिवानीची सही एका सुताने सरकली होती.

काच १९

साडेचार. लांब टेबल. अरिबापुढे तिचा कागद, कागदावर पेन. महिपतीला मी मुद्दाम दारात उभं केलं होतं.

"सही झाली की निघू," डॉ. बिराजदार म्हणाले.

"आधी फोटो बघू." मी दोन फोटो छापून आणले होते. एक सरळ ठेवला, दुसरा उलटा फिरवून त्याच्यावर. कोंडा कोंड्यावर बसला. युवराज पुढे झुकला आणि त्याच्या तोंडून शिवी गेली.

"एनआर-३१ चे खरे फोटो अहवालात नाहीत," मी म्हणाले. "खऱ्या काचा मागे राहिल्या असत्या तर कुणीही पुन्हा बघून हे सांगितलं असतं. म्हणून काचा फुटल्या. ज्याने फोटो बदलले, त्यानेच फोडल्या."

"फोटो हिने काढलेत!"

"काढले हिने. पण कोणते सहा पेरॉक्साइडचे आणि कोणते सहा एनआर-३१ चे, हे हिला ठाऊक नव्हतं. यादी पाहिल्याशिवाय ही अदलाबदल होत नाही."

"यादी शिवानीची." डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "हेच मी म्हणत होतो. तिनेच मला चुकीचे आकडे दिले. सूड उगवला. बरं झालं, दोघींचं एकदम निस्तरेल."

शिवानी उठायला लागली. मी हाताने थांबवलं आणि पाकीट टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"हे उघडून पुन्हा चिकटवलंय. सही बघा. सगळ्यांनी बघा."

पाकीट हातोहात फिरून माझ्याकडे आलं.

"शिवानीने यादी स्वतः केली. तिला हे पाकीट फोडायची गरज नव्हती. आणि तिने तुम्हाला यादी दिली असती, तर तुम्हालाही नव्हती. पाकीट त्यानेच फोडलं, ज्याला यादी माहीत नव्हती आणि कोणी सांगितलीही नव्हती. ते तुमच्या कपाटात होतं. चावी कुणाकडे असते, ते तुम्हीच मला सकाळी सांगितलंत."

"मी माझ्याच रेणूचे फोटो कशाला बदलीन?" त्यांचा आवाज चढला. "तीन वर्षं! माझा आराखडा!"

"तोच तर प्रश्न होता माझा."

मी पर्समधून रुमाल काढला, काठाची दोन सुतं उपसली. एक तोडून तळहातावर ठेवलं, फुंकर मारली. तुकडे टेबलावरून उडाले. मग उरलेलं सूत दुमडून, दोन पदर ठिकठिकाणी गाठी मारून एकत्र बांधले, एका पदराला नखाने दोन जागी तोडलं आणि फुंकलं. काही उडालं नाही.

"माझ्या वडिलांनाही कळलं असतं, डॉक्टर. ज्याने दोन पदर बांधणारा रेणू आखला, तो काचेवर शेपूट शोधणार नाही. बांधलेलं सूत उडत नाही. शिवानी, चौथा गट सांगा."

शिवानी डॉक्टरांकडे न बघता बोलली. "आधी एनआर-३१, मग पेरॉक्साइड. पेरॉक्साइड पदर तोडणारच. तरी पेशी गोल राहिली, तर समजायचं की पदर बांधलेले आहेत. म्हणजे रेणू चालला. पान नववं, टिपणीतलं."

"अरिबा, शेपटं किती?"

"सहा."

"पेरॉक्साइडच्या काचा किती?"

"सहा," शिवानी म्हणाली.

म्हणजे चौथ्या गटातल्या सहाही गोल होत्या. हे मी बोलले नाही. टेबलाभोवती प्रत्येकाच्या डोक्यात ते आपोआप पोचत होतं. सगळ्यात उशिरा डॉ. बिराजदारांच्या डोक्यात पोचलं.

काल दुपारी त्यांनी अरिबाचा कागद वाचला होता. पाकीट फोडलं होतं. एनआर-३१ च्या काचा गोल निघाल्या, तेव्हा त्यांना वाटलं, सगळं बुडालं.

"म्हणजे..." ते म्हणाले. हात टेबलाच्या काठावर. "ते चाललं होतं?"

महिपतीने दारातून एकवार त्यांच्याकडे बघितलं, मग फाटकाकडे गेला. परत आला तेव्हा खिळा हातात होता. तो त्याने टेबलावर ठेवला.

"सायेब," तो म्हणाला, "ह्यो तुमचा."

काच १२

अरिबाने राजीनाम्याचा कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टी न घेता उभ्या-आडव्या रेघा मारल्या. चोवीस घरं.

"माफी मागायला लावू का त्यांना?" मी विचारलं.

"माफी नको." ती घरांत आकडे घालत होती. "काळं कापड द्या."

काच २५

अकरा दिवसांनी मी पुन्हा चिंचोळीला गेले. बिराजदारांच्या केबिनला कंपनीचं कुलूप होतं. शिवानीने रेणू पुन्हा बनवला होता, नव्या पेशी, नव्या चोवीस काचा. यादीचं पाकीट या वेळी माझ्या मांडीवर होतं. सही सुतासूत जुळत होती.

मायक्रोस्कोपच्या खोलीत अंधार होता. अरिबा दोन तास मोजत होती. मी दारापाशी स्टुलावर बसून होते. शिवानी बाहेर येरझाऱ्या घालत होती. युवराजने दोनदा फोन केला. पुण्याहून तीनदा आला. सगळ्यांना एकच आकडा हवा होता, आणि तो कोणता हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटी तिने भिंगावरून डोळा काढला, मान मोडली.

"किती?" मी विचारलं.

"तुम्हाला सहा हवेत."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"चेहरा म्हणतोय की." तिने कागद उजेडाकडे धरला, पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "सात. सहांवर लांब आहे. एकावर बारीकसं, पण आहे. काढून टाकू?"

बाहेर शिवानीच्या चपलांचा आवाज थांबला होता. सातवी काच कोणत्या गटातली, हे माझ्या मांडीवरच्या पाकिटात होतं.

"नाही," मी म्हणाले. "सातच लिहा."

तिने सात लिहिलं, खाली तारीख घातली, सही केली. मग हात पुढे केला.

"आता फोडा पाकीट."